समुपदेशन: खोलीत बसून की टेकडीवर चालत?

थेरपिस्ट तोच, पन्नास मिनिटंही तीच. प्रश्न एवढाच की समोरासमोर बसायचं की शेजारून चालायचं. दुसरा प्रकार नवा नाही: 1910 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला मनोविश्लेषक फ्रॉइडने संगीतकार माहलरशी असंच चार तास चालत बोलणं केलं होतं.

खोलीत दार बंद असतं, रडू आलं तर कुणी बघत नाही, टिपणं घेता येतात. जुन्या आघातावर काम असेल किंवा पॅनिकचे झटके ताजे असतील, तर खोलीच बरी.

टेकडीची अडचण म्हणजे ओळखीची माणसं. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी सातला गेलात की "काय, आज इकडे कुठे?" ठरलेलं. म्हणून पहिली दोन सेशन खोलीतच घ्या आणि ठरवून टाका: कुणी भेटलं तर तुम्ही बोलायचं, थेरपिस्ट ओळख न देता दोन पावलं पुढे जाईल. वाट दोघं शेजारून चालतील एवढी रुंद हवी; एकामागे एक चाललं की अर्धं वाक्य हवेत जातं आणि आवाज चढतो. वेग असा, की दम न लागता पूर्ण वाक्य बोलता यावं. चढ सुरुवातीलाच उरकावा. शेवटची दहा मिनिटं सपाटीवर, त्यात नवा विषय नको, नाहीतर डोळे पुसतच स्कूटरला किल्ली लावावी लागते. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं.

एवढं सगळं सांभाळूनही माझा कल टेकडीकडेच, आणि कारण क्षुल्लक वाटेल: खोलीतली शांतता. समोरचा बघत असतो, घड्याळ टिकटिकतं, आणि माणूस गप्प बसवत नाही म्हणून काहीतरी बोलतो. ते बहुधा घरूनच घोटून आणलेलं असतं. चालताना गप्प राहायला निमित्त लागत नाही. चढ आहे, पायाखाली सुटा मुरूम आहे, टिटवी ओरडतेय. दोन मिनिटं तशीच जातात आणि मग वडिलांबद्दलचं अडलेलं वाक्य, वाटेकडे बघतच, बाहेर पडतं. नजरेला नजर नसते म्हणून सोपं जात असावं. काहींना उलट समोर चेहरा लागतो. त्यांनी खोली सोडू नये.

बाकीच्यांनी निदान एक सेशन बाहेर मागून बघावं. मात्र थेरपिस्टने ती वाट त्याच वेळेला स्वतः चालून पाहिली आहे का, हे आधी विचारावं.