सॉक्सलेट की सोनिकेटर? धुळीतले पीएएच फिल्टरवरून उतरवताना

हवेतल्या धुळीतले पीएएच (जळणातून निघणारी, अनेक कड्यांची कार्बनी संयुगे) मोजायचे म्हटले की चर्चा लगेच मोजणीचे यंत्र जीसी-एमएस घ्यावे की एचपीएलसी, यावर जाते. माझ्या मते निकाल त्याआधीच लागतो, फिल्टरवरची काजळी द्रावकात कशी उतरवता यावर. सोलापुरात मी सहा वर्षे सॉक्सलेट (उकळते द्रावक पुन्हापुन्हा नमुन्यावरून फिरवणारे काचेचे उपकरण) चालवले, आता तीन वर्षे सोनिकेटर (ध्वनिकंपांनी नमुना हलवणारा पाण्याचा बाथ). नवी लॅब लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सॉक्सलेटची बाजू भक्कम आहे. १८७९ मध्ये दुधातली चरबी काढायला बनवलेले हे उपकरण. अमेरिकेच्या ईपीएची (पर्यावरण संस्थेची) हवेतल्या पीएएचसाठीची टीओ-१३ए पद्धत आजही त्यावरच उभी आहे. दर फेरीला थिंबलवर, म्हणजे फिल्टर ठेवलेल्या सच्छिद्र नळकांड्यावर, ताजे द्रावक पडते. त्यामुळे काजळीला घट्ट धरून बसलेली पाच-सहा कड्यांची जड संयुगे सावकाश पण खात्रीने सुटतात. कर्करोगकारक बेंझो-ए-पायरीन त्यातलेच, आणि आपला सगळा खटाटोप मुख्यतः त्याच्यासाठी. शोधनिबंधात सॉक्सलेट लिहिले की परीक्षकही फारसे अडवत नाहीत.

माझे घोडे अडले ते पाण्यापाशी. एका बॅचला सोळा-अठरा तास लागतात आणि तेवढा वेळ द्रावकाची वाफ निववणाऱ्या कंडेन्सरमधून थंड पाणी वाहते ठेवावे लागते. आमच्या भागात नळाला पाणी येते चार-पाच दिवसांआड. घरी पिंपातले पाणी पुरवून वापरायचे आणि लॅबमध्ये रात्रभर मोरीत सोडायचे, हे मनाला कधी पटले नाही. बरे, ते पाणी तरी थंड हवे ना! आमचे द्रावक डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळते, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. त्या पाण्याने वाफ निवत नाही. कंडेन्सरच्या तोंडाशी गोडसर वास आला की समजायचे, द्रावक खोलीत चालले आणि आपल्या छातीतही.

मग बादलीत बर्फ आणि कूलरचा छोटा पंप, असे करून पाहिले. एका पहाटे पंप अडकला; फ्लास्क तापवणारे हीटिंग मँटल मात्र चालूच राहिले. सकाळी सहाही फ्लास्क कोरडे, तळाशी तपकिरी कडे. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ हिवाळ्यात घेतलेले फिल्टर होते ते. गेलेल्या दिवसाची हवा पुन्हा कुठून आणणार? जास्त तापमानाला उकळणारे टोल्युइन वापरले तर गरम पाण्याची अडचण कमी होते, हे खरे. पण ते पेट घेणारे द्रावक रात्रभर एकटे उकळत ठेवायची माझी छाती होत नाही.

सोनिकेटरला ही रात्रपाळीच नाही. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) मार्गदर्शिकेतही टोल्युइन आणि अल्ट्रासॉनिक बाथच आहे. मी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन फेऱ्या करतो आणि दुपारच्या जेवणाआधी मोकळा होतो. त्रास इथेही आहेत. क्वार्ट्झ फिल्टरचा लगदा होतो, गाळताना जीव मेटाकुटीला येतो. बाथ तापतो, म्हणून बर्फ टाकावा लागतो, पण तो तगारीभर पुरतो. कोपऱ्यातल्या बीकरला कंप कमी मिळतो, म्हणून दर फेरीला जागा बदलतो. उजेडापासून जपायला फॉइल दोन्हीकडे लागतेच.

निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या, संयुगांचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या शहरी धुळीवर दोन्ही पद्धती करून पाहिल्या. जड संयुगांत सॉक्सलेट किंचित पुढे वाटले. वाटेत किती नमुना हरवला हे कळावे म्हणून सुरुवातीलाच ड्युटेरेटेड पेरिलीन (जड हायड्रोजनची खूण असलेले पीएएच) मोजून घालून हिशेब केल्यावर मला तरी तो फरक जाणवेनासा झाला. आपल्याकडे २००९ पासून बेंझो-ए-पायरीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला १ नॅनोग्रॅम आहे. ती ओलांडली की नाही हे सांगायचे तर वर्षभराचे फिल्टर सलग निघायला हवेत. सोनिकेटरवर ते मे महिन्यातही निघतात.

तुमच्याकडे चिलर आणि खात्रीची वीज असेल, तर सॉक्सलेट सोडा असे मी म्हणणार नाही. आमचे सहा तोंडांचे मँटल सध्या कपाटावर असते. एखादा फिल्टर फारच काळा आला तर जपून ठेवतो आणि डिसेंबरात, टाकीचे पाणी गार झाले की, ते खाली उतरवतो.