आधी शेरे, मग गुण : गंगापूर रोडवरील एका सराव परीक्षा वर्गाविषयी

नाशिकमध्ये दहावीच्या सराव परीक्षा घेणाऱ्या वर्गांना तोटा नाही. गणपती आटोपले की कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत आणि इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंत त्यांचे फलक झळकू लागतात, आणि जवळपास प्रत्येकाचे आश्वासन एकच असते : भरपूर पेपर. माझी पुतणी यंदा मराठी माध्यमातून दहावीला आहे आणि ती गंगापूर रोडवरील अशाच एका छोट्या वर्गात जाते. वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला परीक्षण करायचे आहे ते पेपर तपासून परत देण्याच्या तेथील पद्धतीचे, आणि ती पद्धत दुसऱ्या कोणत्याही वर्गाला किंवा शाळेला उचलता येण्याजोगी आहे. माझे मत आधीच सांगतो : गणित आणि विज्ञान यांसाठी हा वर्ग पैसे वसूल करून देतो, भाषांसाठी देत नाही, आणि एका सवयीमुळे तो स्वतःच्याच चांगल्या कामावर पाणी ओततो.

परीक्षा रविवारी सकाळी, बोर्डाच्या आराखड्यानुसार होते. विज्ञान भाग १ असेल तर ४० गुण आणि दोन तास. उत्तर लिहून झाले की विद्यार्थ्याने समासात पेन्सिलीने एक अक्षर लिहायचे असते, ‘प’ म्हणजे पक्के किंवा ‘अ’ म्हणजे अंदाज. पुढच्या रविवारी उत्तरपत्रिका परत मिळते तेव्हा तिच्यावर एकही गुण लिहिलेला नसतो, असतात ते फक्त शेरे. त्या शेऱ्यांना हिरव्या शाईने उत्तर द्यायचे, चुकलेले उदाहरण पुन्हा सोडवायचे आणि पेपर पुन्हा जमा करायचा. गुण त्यानंतरच्या आठवड्यात कळतात. सुरुवातीला आम्हा पालकांना हा सारा द्राविडी प्राणायाम वाटला होता.

त्यातला एक शेरा येथे देण्यासारखा आहे. प्रश्न असा होता की २० सेमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगासमोर ३० सेमी अंतरावर वस्तू ठेवली, तर प्रतिमा कोठे मिळेल. पुतणीने वस्तूचे अंतर ऋण घेण्याऐवजी धन घेतले, आकडेमोड बिनचूक केली, १२ सेमी हे उत्तर काढले आणि समासात ठसठशीत ‘प’ लिहिला. तपासणाऱ्या सरांनी फुली मारली नाही आणि सूत्रही लिहून दिले नाही. त्यांनी एवढेच विचारले : ‘वस्तू एफ१ आणि २एफ१ यांच्या मध्ये असताना प्रतिमा कोठे मिळते? मग १२ सेमी शक्य आहे का?’ (एफ१ म्हणजे वस्तूच्या बाजूची नाभी आणि २एफ१ म्हणजे तिच्या दुप्पट अंतरावरचा बिंदू; एफ२ आणि २एफ२ हे तसेच बिंदू पलीकडच्या बाजूला.) ती पुस्तकातील किरणाकृती उघडून बसली, प्रतिमा २एफ२ च्या पलीकडे, म्हणजे ४० सेमीच्या पुढे असायला हवी हे तिच्या लक्षात आले, आणि मग चिन्हाची चूक तिची तिलाच सापडून उत्तर ६० सेमी आले. त्यानंतर भिंगाच्या उदाहरणात ती चिन्ह चुकलेली मी पाहिलेली नाही.

‘प’ लिहिलेल्या चुका विशेष लक्षात राहतात, हा योगायोग नाही. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की ज्या चुकीच्या उत्तराविषयी माणसाला पूर्ण खात्री असते, तेच उत्तर योग्य माहिती मिळाल्यावर अधिक सहजपणे दुरुस्त होते. खात्री असलेली गोष्ट खोटी ठरली की आश्चर्याचा झटका बसतो आणि लक्ष त्या जागी खिळते, असे त्यामागचे एक स्पष्टीकरण आहे. अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तरांचे मात्र वेगळे आहे. ती टिकवायची तर ‘हे बरोबरच आहे’ असे कोणीतरी सांगावे लागते, आणि या वर्गात ‘अ’ लिहिलेल्या बरोबर उत्तरांपुढेही एखादी ओळ लिहिलेली असते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. सर्वसाधारण तपासणीत बरोबर उत्तराच्या वाट्याला टिकमार्कपलीकडे काही येत नाही.

गुण मागे ठेवण्यामागेही आधार आहे. रूथ बटलर यांनी इस्राएलमधील शाळकरी मुलांवर केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात पुष्कळ चर्चिला गेला आहे. त्यात काही मुलांना केवळ शेरे दिले, काहींना केवळ गुण, आणि काहींना दोन्ही. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली आणि त्यांची गोडीही टिकली; गुणांसोबत शेरे दिले तेव्हा मात्र शेऱ्यांचा परिणाम जवळजवळ पुसलाच गेला. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही म्हणा. पेपर हातात पडताच पहिल्या पानावरचा आकडा पाहायचा, शेजारच्याचा विचारायचा आणि पेपर दप्तरात कोंबायचा, हे आपण सर्वांनी केलेले आहे.

मुळात इतके पेपर सोडवून घेण्यात अर्थ आहे का, असे काही पालक विचारतात, कारण मुले घरी वाचत बसली की त्यांना अभ्यास झाल्यासारखा दिसतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आशय सांगता आला आणि वाचणाऱ्यांना ४२ टक्के. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

पेपर परत मिळाल्यावरचा पहिला अर्धा तास ‘सामान्य चुका’ या सदराखाली जातो. सर कोणाचेही नाव न घेता फळ्यावर एकेक चुकीचे उत्तर लिहितात आणि ते कोठे घसरले हे मुलांनाच शोधायला लावतात. लॉरेन एस्क्राइस-विंकलर आणि आयेलेट फिशबाख यांच्या २०१९ च्या संशोधनात, माहिती तितकीच असूनही लोक स्वतःच्या अपयशातून यशाच्या मानाने कमी शिकले, कारण अपयश मनाला बोचते आणि माणूस लक्ष काढून घेतो. तेच अपयश दुसऱ्याचे असेल तेव्हा मात्र शिकणे कमी झाले नाही. फळ्यावरची निनावी चूक स्वतःची आहे हे ओळखूनही मुले निमूटपणे मान खाली न घालता हात वर करतात, हे मी दाराशी उभा राहून पाहिले आहे.

आता तक्रारी. एवढे सारे सांभाळून झाल्यावर गुण जाहीर होण्याच्या दिवशी हा वर्ग पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सर्व मुलांची नावे क्रमवार लावून टाकतो, पहिल्या तिघांना पुष्पगुच्छाचे चित्र आणि ‘हुशार विद्यार्थी’ अशी पदवी. दोन आठवडे गुण झाकून ठेवण्याचा खटाटोप ज्यासाठी केला, तेच येथे मातीमोल होते. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाचा कामगिरीवर काय परिणाम होतो याच्या अभ्यासांतील ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी चक्क घसरलेली होती. त्यांचे म्हणणे असे की अभिप्रायाने लक्ष कामावरून हटवून ‘मी कसा आहे’ याकडे वळवले की तो बाधू लागतो. क्रमवारी आणि ‘हुशार’ ही पदवी दोन्ही नेमके तेच करतात. यादीत खाली असलेल्याचे तर सोडाच, पण वर असलेल्या मुलालाही पुढच्या वेळी अवघड प्रश्नाला हात घालताना पदवी जाण्याची धास्ती वाटते. मी सरांकडे हा विषय काढला तेव्हा ‘पालकच मागतात हो’ असे उत्तर मिळाले, आणि ते खोटे असेल असे मला वाटत नाही.

पेपर सुरू होण्यापूर्वीचे भाषणही टाळता येईल. बोर्डाला किती दिवस उरले आणि निकालावर काय काय अवलंबून आहे हे ऐकवून मुलांच्या हाती प्रश्नपत्रिका दिली, तर घाबरणारे मूल अधिकच घाबरते. त्यापेक्षा ती दहा मिनिटे मुलांना आपली काळजी कागदावर उतरवू द्यावी. जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांच्या २०११ च्या अभ्यासात परीक्षेपूर्वी असे लिहिल्याने, विशेषतः परीक्षेची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे दिसले होते. खर्च शून्य.

मराठी आणि इंग्रजीच्या पेपरांची तपासणी दुसऱ्या कोणाकडे असावी, कारण तेथे शेरे म्हणजे ‘छान’, ‘अक्षर सुधारा’, ‘मुद्दे वाढवा’. कोणते मुद्दे, कोठे वाढवायचे, याचा पत्ता नाही. निबंधाखाली ‘छान’ वाचून मुलीला पुढचा निबंध लिहिताना काडीची मदत झाली नाही. शिवाय दिवाळीच्या आधी पेपर इतके रखडले की ते हाती आले तेव्हा आपण तसे का लिहिले हेच तिला आठवेना. आठवड्याचा उशीर मला खुपत नाही, कारण उत्तर थोडे विसरल्यावर पुन्हा आठवावे लागणे हीसुद्धा उजळणीच आहे; सुट्टीभरचा उशीर मात्र शेऱ्यांचे कागद रद्दीत काढतो.

बाकी सोयी बेताच्या. वर्ग पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. शुल्क विषयवार घेतात आणि ते मोठ्या क्लासांच्या मानाने माफक आहे, त्यामुळे गणित आणि विज्ञान एवढेच दोन विषय निवडता येतात. आम्ही आता तेच केले आहे. प्रवेश घेताना तपासलेली एखादी जुनी उत्तरपत्रिका मागून पाहावी, ते नाही म्हणत नाहीत. क्रमवारीतून आपल्या मुलाचे नाव वगळण्याची विनंती लेखी द्यावी लागते, तोंडी सांगितलेले विसरले जाते.