कानटोपीतला व्हॅन गॉग: फोटो पाठवायच्या ॲपवर आठ महिने

भाचीने ऑगस्टमध्ये माझ्या फोनवर ते ॲप टाकून दिलं तेव्हा मी सरळ म्हटलं होतं, बघितल्यावर फोटो गायबच होणार असेल तर पाठवायचा कशाला? आता एप्रिल संपत आलाय. ॲप अजून फोनवर आहे, आणि रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कोणी ना कोणी डोक्याला काहीतरी गुंडाळून खिडकीपाशी बसलेलं असतं.

खेळ साधा आहे. ती बंगळूरला, मी इथे. एकीने एखादं प्रसिद्ध चित्र घरातल्या वस्तू वापरून उभं करायचं, फोटो काढायचा, जे कमी पडेल ते त्याच फोटोवर बोटाने रंगवायचं आणि पाठवायचं. दुसरीने फोटो नाहीसा व्हायच्या आत चित्र ओळखायचं. कल्पना आमची नाही. मार्च २०२० मध्ये सगळं जग घरात अडकलं होतं, तेव्हा लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना सांगितलं होतं, की घरातल्या तीन वस्तू घ्या आणि एखादी कलाकृती उभी करा. तेव्हा मी भांडी घासत होते. आता सवड मिळाली.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी. बारावीचा अभ्यास टाळायला मिळतोय म्हणून चिरंजीव बसायला एका पायावर तयार. डोक्याला माझा निळा परकर, त्यावरून पिवळा पंचा सोडला. डूल आणायला खास तुळशीबागेत जाऊन आले, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की याचे कान टोचलेले नाहीत. शेवटी मोती बोटाने काढायचं ठरवलं आणि मूळ चित्र मोठं करून बघितलं. व्हर्मीरनेही मोती असा काढलेलाच नाही! वर डावीकडे एक जाड पांढरा ठिपका, खाली कॉलरचं पडलेलं पुसट प्रतिबिंब, संपलं. कानात अडकवायची कडीसुद्धा नाही. मी तेच केलं, एक ठिपका आणि एक पुसट फराटा. मुलाच्या कानाखाली मोती लोंबायला लागला. अंगावर काटा आला म्हटलं तर हसाल, पण आला. (मूळ चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं आहे, म्हणजे आमच्या देवघराच्या दारापेक्षा लहान. मागचा काळोखही आधी हिरवा पडदा होता, रंग उडून तसा झालाय, असं हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाच्या तपासणीत दिसलं. मी आपला काळाच ठेवला.)

ॲपचं खरं कौतुक इथेच आहे. चित्रकलेच्या ॲपमध्ये असतात तसे थर, शंभर ब्रश यात काहीच नाही. एक रंगपट्टी, रेघेची जाडी कमीजास्त करायची सोय आणि मागे जायचा बाण. त्यामुळे कुठली रेघ काढायची आणि कुठली सोडायची हे आधी ठरवावं लागतं. चेहरा गोरा करणारे, डोळे मोठे करणारे फिल्टर मात्र पहिल्या दिवशीच बंद करा. त्या फिल्टरमधून व्हर्मीरची मुलगी लग्नाच्या अल्बममधली करवली दिसते.

डिसेंबरात थंडी पडली आणि घरात कानटोप्या निघाल्या. नवऱ्याची कानटोपी मी घातली, त्याचाच हिरवट कोट चढवला, हनुवटीखालून पांढरा पंचा बांधून उजवा कान झाकला. व्हॅन गॉगचं कापलेल्या कानाचं आत्मचित्र. मागच्या भिंतीवर त्याच्याकडे जपानी छापचित्र आहे, आमच्याकडे तिथे कॅलेंडर. पुढच्या कॅमेऱ्याने सेल्फी काढला आणि पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "आत्या, ओळखलं, पण कान चुकला."

चुकला कसा? चित्रात बघून बांधला होता! मग कळलं, की या ॲपचा पुढचा कॅमेरा फोटो आरशासारखाच उलटा ठेवतो, त्यामुळे माझा उजवा कान फोटोत डावा झाला. आणि गंमत पुढेच आहे. व्हॅन गॉगने २३ डिसेंबर १८८८ ला कापला तो डावा कान. जानेवारी १८८९ मध्ये आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं, म्हणून चित्रात पट्टी उजव्या कानावर आली. मी पंचा सोडून डाव्या कानाला बांधला आणि पुन्हा सेल्फी काढला. पट्टी आपोआप बरोबर जागी. फ्रान्समधल्या आर्ल्स गावातल्या त्याच्या आरशाने जे केलं तेच माझ्या फोनने केलं. हे चित्र मी कॉलेजपासून पुस्तकात बघत आलेय, पण कान कुठला हा प्रश्न मला पंचा बांधेपर्यंत पडला नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दिवा घेतलेल्या बाईने. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते चित्र, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि उजेड बोटांतून लालसर झिरपतोय. आई लगेच म्हणाली, "रविवर्म्याचं ना?" सगळे तेच म्हणतात. ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं, आणि त्यासाठी उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी. रविवर्मा १९०६ मध्येच गेले, हे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं. रविवर्म्यांचा छापखाना एके काळी लोणावळ्याजवळ मळवलीला होता हे आईला माहीत होतं, त्यामुळे तिला माझं पटायला जरा वेळ लागला.

आई चौऱ्याहत्तरची. जांभळी साडी नेसली, हातात निरांजन घेतलं आणि मी सगळे दिवे घालवले. फोनने काय केलं? अंधार बघून सगळं उजळून टाकलं. मागचा फ्रिजसुद्धा दिसायला लागला. ॲपच्या कॅमेऱ्यातून अंधार टिकवणं माझ्या फोनवर जमलंच नाही. शेवटी फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ज्योतीवर बोट दाबून धरलं, उजेडाची खूण खाली ओढली आणि तो फोटो मग ॲपमध्ये घेतला. ज्यांना हे करायचंय त्यांनी ही पायरी लक्षात ठेवा, माझे दोन रविवार यात गेले.

तरी बोटं लाल होईनात. निरांजनाची ज्योत तेवढी तेजच नाही. तळव्यामागे दुसऱ्या फोनचा टॉर्च धरला तर हात दवाखान्यातल्या एक्स-रेसारखा पांढराफटक. मग टॉर्चवर मिठाईच्या पुड्याचा केशरी जिलेटीन कागद लावला आणि आईने बोटं किंचित फाकवली. आलं! बोटाने काहीच रंगवावं लागलं नाही. आईने फोटो बघितला आणि एवढंच म्हणाली, "हात कसे म्हातारे दिसतायत." मग फोन परत मागून घेतला आणि पुन्हा बघितला.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. पाठवायच्या आधी जपून ठेवायचं बटण दाबलं नाही तर फोटो गेला. मधे एका अपडेटनंतर ते बटण जागेवरून हललं आणि माझी तीन चित्रं पाठवल्याबरोबर कायमची गेली. त्यातलं एक अमेरिकन चित्रकार ग्रँट वुडचं 'अमेरिकन गॉथिक', १९३० चं, हातात दाताळं घेतलेला शेतकरी आणि शेजारी उभी बाई. समोरचे काका-काकू दारात उभे केले होते, काकांच्या हातात दाताळ्याऐवजी खराटा. चित्रकाराने मुळात आपली बहीण आणि आपला दातांचा डॉक्टर उभा केला होता आणि ती जोडी नवराबायकोची नसून बापलेकीची आहे, हे मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "चालेल, मी लेकच दिसते यांची." काकांचा त्या क्षणाचा चेहरा वुडच्या शेतकऱ्यापेक्षा सरस होता. तोच गेला. पुन्हा उभे राहायला काका तयार नाहीत. मदत केंद्राला लिहिलं, छापील उत्तर आलं.

शिवाय बॅटरी भयंकर खातं, अनोळखी माणसांना जोडून घ्या म्हणून मागे लागतं, आणि रात्री अकराला फोन वाजवतं. सूचना बंद केल्यावर जरा शांतता आहे.

घ्यावं का? एक हौशी जोडीदार आणि खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड असेल तर घ्या. चित्रकला येत नसली तरी चालेल, मला मोराच्या पुढे काही येत नाही. चित्रं जपून ठेवायचीच असतील तर फोटो आधी फोनच्या कॅमेऱ्यानेच काढा.

या रविवारी पाळी माझी आहे. नॉर्वेच्या मुंकचं 'द स्क्रीम', म्हणजे किंकाळी, करायचंय, संध्याकाळी झेड ब्रिजवर, आकाश लाल झालं की. नवरा भर रस्त्यात तोंड उघडायला तयार नव्हता. मी त्याला समजावलं, की मुंकला ती किंकाळी निसर्गातून आरपार जाताना जाणवली होती, चित्रातला माणूस तर कान झाकून उभा आहे. मग म्हणाला, डेक्कनच्या त्या हॉर्नमध्ये कान झाकायला माझी काही हरकत नाही.