परळच्या क्लासमधली चुकांची वही

माझी मुलगी दहावीला, मराठी माध्यमात. नववीत तिला एका मोठ्या क्लासला घातलं होतं. दर रविवारी टेस्ट व्हायची, पेपर हातात यायचा, गुण बघितले की तो दप्तराच्या तळाशी. टेस्ट ढीगभर झाल्या, पण पहिल्या पेपरातली चूक शेवटच्या पेपरातही तशीच होती.

जूनपासून ती परळला आमच्या चाळीजवळच्या सरांकडे जाते. एका बॅचला १४ मुलं. सर शिकवतात छान, पण मला सांगायचंय ते त्यांच्या पेपर परत देण्याबद्दल. पेपरवर गुण नसतात. गणित जिथून चुकायला लागलं, त्या ओळीसमोर पेन्सिलीचं एक टिंब, बस. चूक काय ते मुलांनी शोधायचं, हिरव्या पेनाने गणित पुन्हा सोडवायचं आणि चूक का झाली ते वहीत एका ओळीत लिहायचं. 'घाईत झालं' हे कारण चालत नाही. गुण दुसऱ्या दिवशी सांगतात. मी ब्लाउज शिवते. बाही ओढत असेल तर नेमकी कुठली शिवण उसवायची हे आधी कळावं लागतं, म्हणून मला ते टिंब फार पटलं.

एक गणित सांगते. वर्गसमीकरणात ए २, बी उणे ७, सी उणे ४. विवेचक काढायचा, म्हणजे बी वर्ग वजा ४ एसी. उत्तर ४९ अधिक ३२, म्हणजे ८१ यायला हवं. हिने ४९ वजा ३२ करून १७ आणले आणि पुढे वर्गमुळापाशी अडकली. टिंब त्याच ओळीला. आधी म्हणाली, "आई, चिन्ह राहिलं फक्त." पण वही मागे चाळली तर हेच चिन्ह चार पेपरांत हरवलेलं! ती किमती कंसात न लिहिता थेट सूत्रात घालत होती. आता प्रत्येक किंमत आधी कंसात लिहिते. भूमितीतही तसंच, समरूप त्रिकोणांच्या बाजू २:३ असल्या तर क्षेत्रफळं ४:९, तिथे वर्ग करायचा राहायचा. सर आठवड्याने त्याच जातीचं नवं गणित न सांगता देतात, म्हणून चूक गेली की नुसती पुसली हे लगेच कळतं.

सहामाहीला बीजगणितात ४० पैकी १९ होते, पूर्वपरीक्षेत ३१ आले. मला त्याहून मोठं वाटलं ते हे, की पेपर मिळाल्यावर ती रडली नाही, जेवायच्या आधीच वही काढून बसली.

उणिवाही सांगते. खोली लहान आहे, उन्हाळ्यात मुलं घामाघूम होतात. पेपर तपासून मिळायला कधी आठ दिवस लागतात, तोवर मुलांना आपण काय विचार केला होता तेच आठवत नाही. हे सरांना मी सांगितलंय, त्यांनी बॅच १२ वर आणायचं कबूल केलंय. छापील नोट्स हव्या असतील तर इथे मिळणार नाहीत.

फी महिन्याला १२०० रुपये. संध्याकाळी ७च्या सुमारास जा आणि एखाद्या मुलाला विचारून त्याची वही बघा.