तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, नातवासाठी घेतलेलं

नातू सहा वर्षांचा. हृदयाच्या पडद्यातलं छिद्र बुजवायचं ऑपरेशन झालं आणि नंतरच्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग बसलेला, म्हणजे हवा न भरता मिटलेला दिसला. भुलीचा परिणाम, टाके दुखतात म्हणून घेतलेला वरवरचा श्वास, आत अडकलेला कफ. अशा ऑपरेशननंतर हे बऱ्याच पोरांना होतं म्हणे, आणि जास्त करून डावीकडेच. फिजिओच्या मॅडमनी चिठ्ठी दिली, नागपूरच्या धंतोलीतल्या मेडिकलमधून श्वासाच्या व्यायामाचं हे खेळणं आलं.

खेळणंच म्हणते मी. तीन नळकांडी, तीन रंगीत गोळ्या, वर ६००, ९००, १२०० असे आकडे, म्हणजे सेकंदाला इतके मिली हवा ओढली. दुकानातला पोरगा म्हणे, "आजी, तिन्ही गोळ्या वर गेल्या की झालं." काही झालं नाही बाप्पा! झटका मारून तिन्ही उडवता येतात, पण श्वास आखूडच राहतो. मॅडमना पहिलीच गोळी हवी होती, हळू ओढून दोन-तीन सेकंद वर धरलेली. तेवढ्यानं फुप्फुसातले मिटलेले वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, उघडतात. शिवाय हे फुंकायचं नाही, ओढायचं, आणि खोक्यावरच्या चित्रात तेच कळत नाही. आमचा पठ्ठ्या पिपाणीसारखा वाजवायलाच बसला होता.

माउथपीस लहान तोंडाला मोठं पडतं, कडेनं हवा निसटते. ओठ घट्ट मिटले की नाही ते कोणीतरी समोर बसून पाहावं लागतं. सलग ओढत बसलं तर चक्कर येते, मध्ये थांबवायचं. मग उशी छातीशी कवटाळून खोकायचं, कारण छातीचं हाड अजून जुळत असतं. खोकायला आमचा तयारच नसायचा. संत्रा बर्फीची लाच चालली.

चार-पाच वर्षांखालच्यांना हे जमत नाही, त्यांना साबणाचे फुगे, भिंगरी. तान्ह्यांचं सगळं फिजिओच्या हातात, कूस बदलणं आणि कफ ओढून काढणं. आणि कफाची गुठळीच घट्ट बसली, तर दवाखान्यात दाबानं हवा देणारा मास्क लावतात, कधी दुर्बीण घालून ती काढतात. फुप्फुसाबाहेर हवा साचून ते बसलं असेल तर छातीत नळी लागते, तिथे या गोळ्या नकोतच. म्हणून चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

पाचातले चार तारे. एक माउथपीसचा कापला.

शेजारच्या भाऊंचं आता बायपास आहे, "तुमचंच द्या ना" म्हणाले. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याला देत नाहीत, मी दुकानाचा पत्ता दिला.