चिपच्या नावाखाली गेलेले १८,७०० रुपये

आठशे सीसीच्या गाडीचा घाटातला स्वभाव ती चालवणाऱ्यांना सांगायला नको. माझी आल्टो ८०० आहे. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन, ताकद ४८ पीएस. चार माणसे, डिकीत सामान आणि एसी चालू असताना खंबाटकीत दुसऱ्या गिअरवर यावे लागले, तर त्यात नवल नाही. परंतु गेल्या पावसाळ्यापासून ती सपाट रस्त्यावरही ओढेनाशी झाली. त्याच सुमारास पुण्याबाहेरच्या एका ट्यूनिंगवाल्याची जाहिरात मोबाइलवर सारखी दिसू लागली आणि मी तिथे गेलो. पुढचे बहुतेकांनी ओळखले असेलच. तरीही आकड्यांसह लिहितो, कारण लाजेपोटी गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच ही दुकाने चालतात.

परफॉर्मन्स चिपचे ४,५००, ईसीयू रीमॅपचे (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातला प्रोग्रॅम बदलण्याचे) ११,००० आणि इंजिन डीकार्बनायझिंगचे (म्हणजे आतली काजळी काढण्याचे) ३,२००, असे एकूण १८,७०० रुपये त्याने घेतले. वीस टक्के ताकद वाढेल म्हणाला आणि त्याने आलेख दाखवले ते टर्बो डिझेल गाड्यांचे. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे रीमॅपचा फरक पडतो; आपले साधे पेट्रोल इंजिन जेवढी हवा स्वतः ओढते तेवढ्यावरच चालते, त्यामुळे तिथे फार तर नाममात्र लाभ होतो. हे मला नंतर कळले. आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या, व्हाउचरविना दोनशे रुपयेही पास न करणाऱ्या माणसाला टर्बोचे गणित ठाऊक असावे, अशी अपेक्षा कुणी करू नये.

टर्बोचे राहू द्या, पण किल्लीचे काय? ते तरी माझ्या लक्षात यायला हवे होते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडी तपासायचे यंत्र जोडतात तिथे, त्याने काडेपेटीएवढी डबी खोचली (हीच ती ‘चिप’), तिचे तीन दिवे लुकलुकू लागले, लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकू लागली आणि ‘फाइल राइट होते आहे, गाडीला हात लावू नका, साहेब’ असे तो मला दरडावून सांगत होता. त्या क्षणी गाडीची किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती; वाकून पाहताना तिचे टोक मांडीला टोचत होते. इग्निशन चालू केल्याशिवाय ईसीयूमध्ये काहीही लिहिता येत नाही. दिवे लागले, कारण त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा पुरवठा कायम असतो. मोबाइलचा चार्जर पेटावा, त्यापलीकडे त्यात काही घडत नव्हते. तुमच्या गाडीत कुणी असे ‘लिहू’ लागला, तर आधी किल्ली कुठे आहे ते पाहा.

पैसे देताना कोड स्कॅन केला, तर पडद्यावर भलत्याच माणसाचे नाव आले. ‘मेव्हण्याचे खाते आहे,’ असे सांगून त्याने जीएसटी क्रमांक नसलेली कच्ची पावती हातात ठेवली. चाचणीसाठी त्याने मला उताराच्या रस्त्याने नेले, तेही एकट्याला, एसी बंद करून. टायरमध्ये हवाही बेताबाहेर भरलेली होती. अशा स्थितीत कुठलीही गाडी हलकी वाटणारच.

पुढच्याच आठवड्यात खंबाटकीत गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरवर आली. आमच्या भागातल्या जुन्या मेकॅनिकने एक फेरी मारून सांगितले, की क्लच घसरतो आहे: आवाज वाढतो, वेग वाढत नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि एअर फिल्टर मिळून ५,६५० रुपयांत गाडी पूर्वीसारखी झाली. कुणी चिप सुचवली, तर आधी क्लच, फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेक चिकटतात का, एवढे तपासून घ्या. ती डबी या मेकॅनिकनेच माझ्यासमोर उघडली: आत तीन एलईडी, एक किरकोळ चिप, आणि बॅटरी व अर्थिंगच्या पिना सोडल्या तर इतर एकाही पिनेपासून चिपपर्यंत जोडणीची रेघच नाही.

पोलीस ठाण्यात तासभर बसवून ‘हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकवण्यात आले. ‘तुम्ही स्वतः पैसे दिलेत ना?’ हा प्रश्न तर तिघांनी विचारला, जणू फसवणूक म्हणजे खिसा कापणे एवढेच. परिवहन कार्यालयातल्या बाबूंनी तक्रार हातातही न घेता मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाचून दाखवले: नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, तेव्हा दंड तुम्हालाच होईल. गाडीत काहीच बदल झालेला नाही, हीच तर माझी तक्रार होती. तेवढे ऐकून घेण्याचे सौजन्यही त्यांना दाखवता आले नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे या दोन्ही ठिकाणी कुणी सांगितले नाही. वकिलाने ७,००० रुपये मागितले, म्हणून अर्ज मीच लिहिला आहे. वकील सक्तीचा नसतो.

मी नोटीस धाडल्यावर ट्यूनिंगवाल्याचा गोड आवाजात फोन आला, की चिप घेऊन या, नवी बदलून देतो. मी दिलेली नाही. तुमच्याकडे तशी डबी असेल, तर ती फेकू नका आणि परतही देऊ नका. कच्ची पावती आणि पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट यांच्यासोबत पुरावा म्हणून तीच लागते.