जळगावचं वजनाचं क्लिनिक, दहा महिन्यांचा अनुभव

मी अमळनेरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय ४३. २०२५ च्या जूनमध्ये जळगावच्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा वजन ९४ किलो होतं आणि उंची १५५ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३९. आज वजन ८१ आहे. शाळेतल्या मॅडम लोक, नात्यातल्या बाया, सगळ्या विचारतात कोणतं इंजेक्शन घेतलं, केवढ्याला पडलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पण सुरुवात इंजेक्शनपासून करत नाही, कारण क्लिनिकच्या लोकांनीपण तिथून केली नव्हती, आणि मला त्यांचं तेच सगळ्यात आवडलं. क्लिनिकचं नाव टाकत नाही, तक्रारीपण लिहायच्यात आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितलेल्या आहेत.

आधीचं थोडं सांगते. माझी आई गेली २०२२ मध्ये. त्यानंतर रात्री सगळे झोपले की मी ओट्याजवळ उभी राहून खायचे, लाइट न लावता. शेव, केळीचे वेफर्स, सकाळच्या उरलेल्या भाकरीवर तेल-तिखट, जे हाताला लागेल ते. भूक नसायची. खाऊन झालं की रडू यायचं आणि डबा होता तसा लावून ठेवायचा म्हणजे सकाळी कोणाला कळू नये. मग झोपच लागेना म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मिर्टाझापिन नावाची नैराश्यावरची गोळी दिली, झोप लागायला लागली, रडणं कमी झालं, पण वर्षभरात ११ किलो वाढले. मला वाटायचं माझ्यातच काही दम नाही. त्याच काळात एका वेट लॉस सेंटरलापण पैसे भरले, तिथे दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करून फळ्यावर नाव आणि आकडा लिहायचे, ज्याचं वाढलं त्याच्या नावाखाली लाल रेघ. दोन महिने गेले, मग घराबाहेर पडावंसंच वाटेना.

तर जळगावला गेले ते नणंदेने ओढून नेलं म्हणून. रिसेप्शनवर फॉर्म दिला, त्यात साखर, बीपी, थायरॉईड, पाळी हे सगळं होतं आणि मागच्या पानावर नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही का, झोप कशी आहे, स्वतःबद्दल वाईट वाटतं का, असे, आणि प्रत्येकापुढे ० ते ३ मधला एक आकडा. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, हे नंतर कळलं. नववा प्रश्न असा की मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का. मी आठ भरले आणि नववा कोरा ठेवला. वाटलं कोण बघतंय.

डॉक्टर मॅडमनी फाईल उघडली, आधी तेच पान काढलं. माझ्याच वयाच्या असतील. म्हणल्या, "ताई, हा एक राहिला का?" मी म्हणलं राहिला असेल चुकून. त्यांनी पेन खाली ठेवलं, नणंदेला म्हणल्या तुम्ही जरा बाहेर बसता का, आणि दार लावून घेतलं. मग काहीच बोलल्या नाहीत. बाहेर वीस-पंचवीस पेशंट होते तरी बाई घड्याळाकडे बघत नव्हती. तीन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं.

आठ प्रश्नांचेच १६ मार्क झाले होते (जितके मार्क जास्त तितका त्रास जास्त). त्यांनी स्पष्ट सांगितलं की इंजेक्शन आज देत नाही. कारणपण सांगितलं, की ही औषधं ज्या मोठ्या चाचण्यांवरून पास झाली त्यांत या नऊ प्रश्नांना १५ किंवा जास्त मार्क असलेले पेशंट घेतलेच नव्हते, त्यामुळे आधी मन जरा जाग्यावर येऊ द्या. माझ्यासमोर त्यांनी माझ्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्या दोघांनी मिळून ती गोळी हळूहळू बंद करून दुसरी चालू केली, कारण मिर्टाझापिनने भूक आणि वजन दोन्ही वाढतं. ऐकून मी गप्पच झाले, कारण त्या ११ किलोंसाठी मी स्वतःला किती बोलले होते ते मलाच माहीत. (ज्यांची अशी गोळी चालू असेल त्यांनी हे वाचून मनाने बंद करू नका, डॉक्टरांनाच विचारा.)

मग सहा आठवडे फक्त समुपदेशन. समुपदेशक मुलगी तरुण आहे, साक्रीकडची, मध्येच अहिराणीत बोलते त्यामुळे मला मोकळं वाटायचं. तिने एक वही करायला लावली, काय खाल्लं ते नाही, खायच्या आधी काय चाललं होतं ते लिहायचं. पंधरा दिवसांची पानं बघितली तर बहुतेक रात्री एकच गोष्ट होती, साडेनऊ. आई रोज साडेनऊला फोन करायची. हे मला स्वतःला कधी दिसलं नव्हतं. त्यानंतर साडेनऊला मी मावशीला फोन करायला लागले. रात्रीचं खाणं एकदम बंद झालं नाही पण आठवड्यातून पाच दिवसांवरून दोनवर आलं, आणि हे सगळं इंजेक्शनच्या आधी.

आता इंजेक्शन. मला माउंजारो दिलं, आतलं औषध टिर्झेपाटाइड, आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं. पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५. हे भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, तेव्हा २.५ ची एक कुपी ३५०० ला आणि ५ ची ४३७५ ला होती, म्हणजे महिन्याला १४ ते साडेसतरा हजार, हे ऐकूनच आमचे हे खुर्चीत सरसावून बसले. मॅडमनी काही लपवलं नाही. घरात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी नावाचा कॅन्सर झालाय का, स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताचे खडे आहेत का, सगळं विचारलं. बीएमआय ३९ ला वजन कमी करायच्या ऑपरेशनचापण पर्याय असतो तो समजावला. आणि बंद केल्यावर काय होतं तेपण, की सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या पेशंटवर अभ्यास झाला त्यात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणल्या पैशांचा विचार आत्ताच करा, चार महिन्यांनी नाही. माल विकायचा असता तर असं कोणी बोललं नसतं.

पहिलं इंजेक्शन कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या आदल्या आठवड्यात घेतलं. रोटांच्या, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जेवणाच्या दिवशी सगळी भाऊबंदकी जमलेली, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, आणि मला वासानेच मळमळायला लागलं. सासूबाई सारख्या म्हणत होत्या, "जेवी ले वं माय, कानबाईनं रोट से." रोट तर घरच्यांनीच संपवायचे असतात, नाही कसं म्हणणार. दोन घास खाल्ले आणि मागच्या खोलीत जाऊन पडले. संध्याकाळी क्लिनिकच्या नंबरवर मेसेज टाकला तर तासाभरात सिस्टरचा फोन आला, थोडं थोडं खा, तळलेलं टाळा, पाणी घोट घोट प्या, उलट्या थांबल्या नाहीत किंवा पोटात जोरात दुखलं तर लगेच या. मळमळ तीन आठवड्यांत गेली. बद्धकोष्ठता मात्र बरेच महिने राहिली.

मनाचं सांगते, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. दुसऱ्या महिन्यात डोक्यात दिवसभर खाण्याचं जे चालू असायचं ते थांबलं. आधी खूप हलकं वाटलं. मग दिवाळीनंतर वेगळंच झालं, कपडे ढिले झाले, सगळे कौतुक करतात आणि मला संध्याकाळी नुसतं रिकामं वाटतं. खाण्यावर ढकललेलं दुःख होतं तिथेच होतं, फक्त आता त्याच्यावर टाकायला शेव नव्हती. मी घाबरले की औषधानेच होतंय का. मॅडमनी नऊ प्रश्न परत भरून घेतले, ९ मार्क आले. त्यांनी सांगितलं की २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) आणि युरोपच्या औषध संस्थेने या प्रकारच्या औषधांच्या बाबतीत हे तपासलं आणि औषधांमुळे आत्महत्येचे विचार येतात असा पुरावा मिळाला नाही, तरी एफडीएने लहानसा धोका पूर्ण नाकारला नाही, म्हणून आपण दर महिन्याला हा फॉर्म भरायचाच. त्या डिसेंबरात मी आईबद्दल जेवढं बोलले तेवढं तीन वर्षांत बोलले नव्हते. आता मार्क ४ आहेत.

तक्रारी. वजनकाटा रिसेप्शनमध्ये आहे, सगळे बघतात, आणि सिस्टर आकडा मोठ्याने बोलते. फळ्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला ते किती लागतं हे त्यांना कळायला पाहिजे. आहाराच्या बाईंनी पहिला कागद दिला त्यात ओट्स आणि ब्रोकोली, अमळनेरला मी ब्रोकोली कुठून आणू. मी भांडल्यावर त्यांनी कळण्याची भाकरी, मठाची उसळ, अंडी, दही असं करून दिलं, प्रोटीन पुरेसं नसेल तर चरबीबरोबर मांसपण झडतं म्हणून. समुपदेशक फक्त शनिवारी असते, अपॉइंटमेंट असून दोन-दोन तास बसावं लागतं, माझी भुसावळ-सुरत लाइनची परतीची गाडी कितीदा तरी चुकली. आणि औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, इथे उन्हाळ्यात ४४-४५ तापमान, तर बर्फाची पिशवी क्लिनिकनेच द्यायला हवी, मी घरून थर्मास घेऊन जाते.

ज्यांना एवढा खर्च जमत नाही त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मनाच्या भागाला एवढे पैसे लागत नाहीत. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीपण. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत एका रात्री मी लावला होता, पलीकडच्या बाई पाऊण तास बोलल्या.

काट्याला पडदा लावा म्हणून मी तीनदा सांगितलंय. मागच्या वेळी मॅडम म्हणल्या, ताई, पुढच्या वेळी याल तेव्हा लावलेला असेल. येत्या शनिवारी जातेय, बघते.